सात पदार्थांचं कार्ड

"कोपरं काढ टेबलावरून," श्यामराव म्हणाले. "हे काही आपलं स्वयंपाकघर नाही."

विजयाने कोपरं काढली. पहिला पदार्थ यायचाच होता आणि तिचं डोकं आताच तापलं होतं.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या लेकीने, प्राचीने, हे दुपारचं जेवण ठरवून दिलं होतं. आपल्याच शहरात, कोहक्याच्या रस्त्यावरचं नवं, भारी हॉटेल. इथे आपल्या मनाने काही मागवायचं नसतं. सात पदार्थ ठरलेले, एकामागून एक येणार. त्यांची वर्णनं छापलेलं जाड कार्ड दोघांच्या पुढ्यात ठेवलं होतं.

प्राचीला अजून एक गोष्ट ठाऊक होती. उद्या सकाळच्या पुण्याच्या गाडीचं आईचं तिकीट काढलेलं होतं. एकटीचं. परतीचं काढलंच नव्हतं. सातवा पदार्थ आला की विजया ते श्यामरावांना सांगणार होती. चार लोकांत ते आवाज चढवत नाहीत, एवढं तिला माहीत होतं.

भांडण ताटाचं होतं. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी तिच्या हातचा एक घास बरा म्हटला नव्हता. "सपक." "गवत उकडलं का?" "कावून खावं माणसानं हे?" नणंदांसमोर, व्याह्यांसमोर, कुठेही. परवा दूध उतू जाऊन करपलं, साऱ्या घरात करपट वास भरला, ती गच्चीवरून धावत आली. आणि हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. उठून गॅस बंद करायचीही तसदी नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. लग्नानंतर नऊ वर्षं ते तिचं भरीत मागून मागून खायचे. मग एका उन्हाळ्यात मोठा ताप आला, तीन आठवडे दवाखान्यात पडून होते. बरे झाले तर प्रमोशनचा कागद वाट पाहत होता, कारखान्यात गॅसच्या गळतीवर लक्ष ठेवणाऱ्या सेक्शनचे ऑफिसर. त्याच महिन्यापासून ताट सरकवणं सुरू झालं. साहेब झाले आणि जीभ शेफारली, असं विजया तेव्हा शेजारच्या सिंधुताईंना म्हणाली होती. दरसाल कारखान्याच्या मेडिकल तपासणीची तारीख आली की आठवडाभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. तोही साहेबी तोराच.

वाढणाऱ्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर खुशबू असं नाव होतं. तिने परातीएवढ्या दोन बशा ठेवल्या. मधोमध बोटभर लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी.

श्यामरावांनी चष्मा लावून आधी कार्ड वाचलं. मग घास घेतला, डोळे मिटले.

"मोहाच्या लाकडाचा धूर," ते म्हणाले. "कसा बरोबर लागून राहिला. याले म्हणतात भाजी."

विजयाने खाल्ली. धूर कुठे नव्हताच. भाजी कच्ची होती.

"लाखोळी मी दर थंडीत करतो घरी," ती म्हणाली. बोलता बोलता ती अजूनही माहेरच्यासारखी करतो म्हणायची.

"तू करतं. हे बनवतात. फरक आहे."

दुसरा आला फरा, तांदळाच्या पिठाची उकडलेली वळकटी, एकच, तिळावर निजवलेली. पुन्हा आधी कार्ड, मग घास. "भाजलेला तीळ. मागून जरासा लसूण. समजलं का तुले?"

"समजलं."

"काय समजलं? तोंड पाहा कसं करून राहिली. पोरीनं एवढं केलं, थोडं हसावं माणसानं."

तिसरी कढी. तिला फोडणी जळल्याचा वास आला. त्यांनी आमसुलाचा आंबटपणा वाखाणला. कार्डावर आमसूल लिहिलेलंच होतं. पुढे बांबूचे कोंब आले, मग उडदाचा वडा, मग कसलासा भात. श्यामराव प्रत्येक बशी पुसून खात होते. घरी याच माणसाच्या ताटात अर्धी पोळी उरायची, ती विजया गाईला घालायची.

"पस्तीस वर्षं चुलीपाशी काढली तू," सहाव्या बशीवर चमचा ठेवत ते म्हणाले, "पण एक दिवस असं जेवण नाही दिलं."

काल विजयाने बॅग भरली तेव्हा मनात कुठेतरी चुकचुकलं होतं. आता तेही उरलं नाही.

श्यामराव हात धुवायला गेले. तेवढ्यात खुशबूने शेवटचा पदार्थ आणला. दोन बशा, दोन पांढरे खरखरीत उंचवटे.

"मॅडम, अंदर शकरकंद है. ये ऊपर का सफेद सिर्फ नमक है, सेंकने के लिए. इसको तोड़के हटा दीजिएगा, खाना नहीं है. सर को भी बता दीजिए."

"बताती हूँ," विजया म्हणाली.

श्यामराव येऊन बसले. त्यांनी चष्मा लावला आणि कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

"रताळं," त्यांनी वाचलं. "मंद आचेवर, स्वतःच्याच गोडव्यात मुरलेलं."

विजयाने आपला चमचा उचलला. नाही सांगायचं. एकदा तरी या माणसाचं तोंड चार लोकांसमोर वाकडं होऊ दे. थुंकू दे त्याला त्या पांढऱ्या रुमालात. मग त्याच क्षणी ती तिकिटाचं सांगेल.

श्यामरावांनी चमच्याने वरचं कवच फोडलं. मिठाचा मोठा खडा चमच्यात घेतला आणि तोंडात टाकला.

ती टक लावून पाहत राहिली. ते डोळे मिटून सावकाश चावत होते. कपाळावर एक आठी आली नाही. खडा संपला. त्यांनी दुसरा चमचा भरला, तोही खाल्ला, आणि ओठांवरून रुमाल फिरवला.

"पाहा," ते म्हणाले, "असा गोडवा तुले कधी जमला नाही."