सुटी शेवंती

"कोयता उचललास तेव्हा डोक्यात काय होतं?" सायलीने पुन्हा विचारलं.

हर्षल खाली मान घालून फरशी बघत राहिला.

दोन हजार तीनची थंडी होती आणि नाशिकमधल्या निरीक्षणगृहाची ती खोली नुसती गारठली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या या पोराने दसऱ्याच्या गर्दीत, ऐन फुलबाजारात कोयता चालवला होता. गुन्ह्यामागचं मन तपासण्याचं शिक्षण घेऊन आलेल्या सायलीने दोनच गोष्टी सांगायच्या होत्या: त्याने हे का केलं, आणि पुन्हा करेल का. तिच्या मतावर बाल न्याय मंडळ त्याला सोडणार होतं, नाहीतर तीन वर्षं सुधारगृहात पाठवणार होतं.

सायलीचा एक हट्ट होता. आपलं मत देऊन होईपर्यंत पोलिसांचे कागद वाचायचे नाहीत. कुणाला लागलं, किती लागलं हे एकदा कळलं की पोरगं दिसेनासं होतं आणि नुसता गुन्हाच दिसत राहतो, असं ती म्हणायची. शिकलेल्या माणसाचा हट्टही शिकलेला असतो, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

पण पोरगं काही बोलेना. बोलली ती धोंडाबाई.

भेटीच्या दिवशी ती मखमलाबादकडून डबा घेऊन यायची. डबा घेऊन आलेल्या बाईला 'तू याची कोण?' असं कोण विचारतं? पहारेकरी लहानूने दार उघडलं, सायलीने खुर्ची दिली, चहा मागवला. आजी असणार, दुसरं कोण? पोराची आई कधीच वारली होती आणि फुलं विकणाऱ्या बापाने दसऱ्याच्या त्या दिवसापासून हात झटकले होते.

धोंडाबाई थंडीने पदर घट्ट लपेटून बसायची. डाव्या हाताने आणि दातांनी फडक्याची गाठ सोडून भाकरी पुढे सरकवायची. हर्षल तिच्या तोंडाकडे बघत नसे. त्याची नजर तिच्या पदरावरच असायची. आधार शोधतोय बिचारा, असं सायलीला वाटलं.

"बाप लय मारायचा ह्याला," धोंडाबाई एकदा म्हणाली. "घरात मारलं तर पोर सोसतं, ताई. पण भर बाजारात, गिऱ्हाइकांपुढं चाबकानं मारलं, की मग त्याचं त्यालाच कळत नाय काय करतोय ते."

"त्या दिवशी तुम्ही होतात तिथे?"

"व्हते ना. जवळच व्हते."

"मग अडवलं नाहीत?"

"अडवायलाच तर गेले व्हते." तिने पदर आणखी ओढून घेतला. सायलीला तिची फार कणव आली. या वयात हा सल घेऊन जगायचं म्हणजे सोपं नाही.

पुढच्या भेटीला धोंडाबाईने डब्याबरोबर ओंजळभर शेवंती आणली, सुटीच.

"गजरा नाही केलात?" सायलीने विचारलं.

"आता नाय बांधता येत."

हर्षलने मान वर केली. पहिल्यांदाच. तो उठला, लहानूकडून दोरा मागून आणला आणि खाली बसून एकेक फूल बांधायला लागला. गाठी घट्ट पडत होत्या. निम्मा गजरा झाला आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

"बापाला मारायचं व्हतं मला," तो म्हणाला. "डोळ्यापुढं अंधार आला. मग काय झालं ते दिसलंच नाय."

"आणि आता?"

"आता डोळे मिटले तरी तेच दिसतं."

धोंडाबाईने त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. त्या रडण्याने सायलीचं मन भरून आलं, आणि हलकंही झालं. पोरगं वाचणार होतं.

तिने मत लिहून दिलं: हा मुलगा क्रूर नाही. मारानेच त्याला मारायला शिकवलं. मारणाऱ्यापासून लांब, मायेच्या माणसाजवळ ठेवला तर तो सुधारेल. धोंडाबाईंच्या ताब्यात द्यावा.

"न्याल ना त्याला?" तिने विचारलं.

"नेणारच. मला हाताखाली माणूस पायजेच हाय."

सुनावणीच्या सकाळी मंडळ बसायला अवकाश होता. कारकून देवरामने हमीपत्र टेबलावर ठेवलं. हर्षल भिंतीला टेकून उभा होता.

"सही येते, आजी?"

"नाय."

"मग अंगठा द्या."

धोंडाबाईने डावा हात पुढे केला. देवरामने मान हलवली. "बायकांचा उजवा घेतात."

धोंडाबाई जराशी हसली. मग तिने पदराखालून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. त्याला चारच बोटं होती.

"डावाच घ्या, भाऊ," ती म्हणाली. "मी आजी नाय ह्याची, बाजारात शेजारी फुलं इकते. उजवा ह्याच्याच कोयत्याखाली गेला. आता माझे गजरे ह्यालाच बांधायला लागतील."