हलकी सायकल

वाडी-तांड्यांवर हिवतापाच्या गोळ्या वाटणारा बन्सीधर दुकानातली एकेक सायकल खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून येत होता.

“आवो, एकदा बसून तर बघा,” शेठ वैतागला.

“ताडकळसच्या पुढं चार महिने गुडघाभर चिखल हाय, शेठ. मागल्या जड सायकलीनं उजवा खांदा कामातून गेला. आता डावाच उरलाय.”

त्यातल्या त्यात स्वस्त आणि हलकी निवडून त्यानं तिचं स्टँड, कॅरिअर, घंटीसुद्धा काढायला लावली.

“हवा भरू?”

“नको, उगं वजन वाढायचं.”

शेठनं हात जोडले. “मग पायीच हिंडा की!”



बन्सीधरनं सायकल डाव्या खांद्यावर चढवली. “साहेब कामावर ठेवत न्हाईत. म्हणतेत, सायकल नसंल तर वेळेवर पोचणार कसा?”