राणीनं नाव घेतलं

"'तो आला हो,' असं म्हणतो मी," लच्छू म्हणाला आणि त्यानं नाकातली नथ सारखी केली.

"तो कोण?" पडद्यामागे गुणवंतराव भडकले. "लोक म्हणतीन राणीचा यार आला. सरळ 'वाघ' म्हण ना गा!"

लच्छूनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "हळू बोला, भाऊ."

छप्पन सालच्या शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जत्रेतला, हा खेळ. रातभर चालून आता फटफटायला आलं होतं. गॅसबत्त्या पिवळ्या पडल्या होत्या आणि शेवटचा प्रवेश तेवढा उरला होता. समोर घोंगड्या पांघरून बसलेल्यांपैकी एकही माणूस उठला नव्हता. कंपनी गुणवंतरावांची, नाटक गुणवंतरावांनीच लिहिलेलं, आणि राजाही तेच. राणी लच्छू.

लच्छू वर्षभर आलापल्लीच्या पलीकडे सागाच्या रोपवनात एकटा राखणीला असे. तिथं बोलायला कोणी नाही, म्हणून तो आपलं वर्षाचं बोलणं साठवून आणी आणि पटाच्या दिवसांत लुगडं नेसून एकदम ओती. झोपडीसमोर संवाद घोकताना त्याची एखादी ओळ चुकली, तर झाडावरची माकडं खाकरत असं लोक सांगतात. यातलं निम्मं तरी खरं असावं.

त्यानं आजवर केलेल्या राण्या रडल्या, सवतीला शिव्या देत भांडल्या, एक तर विहिरीतही पडली. लच्छूची कशालाच ना नव्हती. यंदा गुणवंतरावांनी शेवटी वाघ घातला, आणि तिथं गाडं अडलं. जंगलात एकटं राहणाऱ्यानं त्या जनावराचं नाव घ्यायचं नसतं. मामा म्हणावं, मोठा म्हणावं. नाव घेतलं की त्याला बोलावणं गेलं.

"तालमीत तं टाळत आलास," गुणवंतराव म्हणाले. "आता कोलू वाघ होऊन शिरला पट्ट्यापट्ट्याच्या गोणपाटात. तुह्या तोंडून नाव निघाल्याबिगर तो उडी कशी मारन?"

"तुम्ही घ्या ना नाव. राजा तं तुम्ही हा."

"राजा शिकारीले गेला हाये ना गा! आन् नवरा हाये का तो तुहा, नाव नाई घ्यायले?"

गोणपाटातून कोलू हसला. लच्छू हसला नाही.

"तुमच्यासाठी नाटक हाये, भाऊ. मले मंग तिथीच जा लागते. माह्या झोपडीले दारही नाई."

"मंग लुगडं सोड." गुणवंतरावांनी मुकुट काढून काखेत धरला. "रामाजी मिशी काढून बसला हाये. पण आज त्यानं लुगडं नेसलं, तं पुढच्या सालीही तोच राणी. त्याच्या पुढच्याही."

पेटीवर बसलेल्या रामाजीनं आपल्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं आणि तो घाईनं उभाही राहिला.

लच्छूनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. पुढच्या रांगेत एक म्हातारी पदर तोंडाशी धरून राणीची वाट पाहत होती. जंगलात त्याच्याकडे पाहणारे डोळे पुष्कळ होते. पण त्यातले कोणतेच त्याच्यासाठी ओले होत नसत.

घंटा झाली. लच्छू गेला.

कोलू रांगत आला. राणीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पाठ वळवून मांडवामागच्या सागांकडे तोंड करून उभी राहिली, तिनं हात जोडले, मान खाली घातली. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. मग ती वळली आणि तिनं नाव घेतलं.

ती किंकाळी ऐकून शर्यतीचे बैल दावी तोडून पळाले. पार तिकडे एटापल्लीच्या कोंबड्यांनी त्या दिवशी आरवायचंच टाकलं म्हणतात. कोलू उडी मारायची विसरून गोणपाटासकट उलट्या पावली आत पळाला. राजा शिकारीहून वेळेआधीच परतला, कारण त्याला बाहेर एकट्यानं थांबवेना. आणि लोक घोंगड्या टाकून उभे राहिले. रडत होते, शिट्ट्या मारत होते. म्हातारीनं तर स्टेजवर चढून राणीची दृष्ट काढली.

पडदा पडल्यावर गुणवंतरावांनी लच्छूला उचलूनच घेतलं. "वा रे माही राणी! जेव आता, न् झोप ओसरीवर. परवा एटापल्लीले खेळ हाये."

लच्छूनं लुगडं सोडून नीट घडी घातली, धोतर नेसलं, ओठांवरची लाली पंच्यानं पुसली.

"निघतो, भाऊ."

"आता? अन् कुठी?"

"घरी."

"येडा झाला का गा? ज्याच्यापायी इतका भेत होतास, त्याच्याचकडे?"

"म्या बलावलं ना त्याले. चारचौघात, नाव घेऊन." लच्छूनं काठी उचलली. "येईन तो. घरी कोणी नाई दिसलं तं काय म्हणन?"

कोलूनं अंगावरचं गोणपाट घाईनं उतरवून लांब ठेवलं.

"अन् परवा?" गुणवंतरावांनी हळूच विचारलं.

"येतो ना. त्यानं सोडलं का येतो."

मांडवाच्या कडेला गुणवंतरावांची बायको, सुगंधाबाई, पटाच्या पाहुण्यांसाठी वडे तळत बसली होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "अवो, याच्या फडक्यात वडे बांध."

"किती बांधू?"

गुणवंतरावांनी एकदा लच्छूकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या सागांकडे.

"दोघांचे बांध," ते म्हणाले.