सुट्टीचे पेढे

सकाळपासून पाच डॉक्टरांचं कांताबाईंना सांगून झालं होतं, की त्यांचा नवरा आता वाचणार नाही. पाचही वेळा त्यांनी पदर तोंडाला लावला, "किती दिवस?" असं विचारलं आणि निशा मॅडमनी टाळी वाजवताच उठून पाणी प्यायल्या.

नवरा कागदावरचा होता. नाव नरेश, वय बावन्न, यकृताचा कॅन्सर. भिलाईतल्या एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये निशा मॅडम डॉक्टरांना प्रशिक्षण देत होत्या. रोग हाताबाहेर गेला, आता फक्त दुखणं कमी ठेवता येईल, हे घरच्यांना कसं सांगावं, याचं. सांगणारे डॉक्टर खरे, ऐकणारी बाई खोटी. जवळच्या कुरुदहून ऑटोनं येणाऱ्या कांताबाई या कामात चांगल्या मुरल्या होत्या. शेजारणी म्हणत, असलं अभद्र नाटक कशाला करते? कांताबाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा खरा नवरा, शेषराव, गेले, तेव्हापासून कशाचंच काही वाटत नव्हतं.

आज मात्र यादीत सहावं नाव डॉक्टर भूषणचं होतं. शेषरावांचे डॉक्टर. त्यांनी तेव्हा जे सांगितलं नाही, ते त्यांच्याच तोंडून एकदा ऐकायचं, एवढ्यासाठी त्या सहा महिने या खुर्चीत येऊन बसत होत्या.

डॉक्टर आले, बसले. त्यांना ओळख पटली नाही. दिवसाला शंभर चेहरे पाहणाऱ्या माणसाच्या लक्षात कुठला एक राहणार! शिकवल्याप्रमाणे त्यांनी फोन उलटा ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि हिंदीत विचारलं, "आपको उनकी बीमारी के बारे में क्या मालूम है?"

कागदावरचं उत्तर तोंडपाठ होतं. कांताबाईंनी ते दिलं नाही. त्या घरच्या, तुमसरकडच्या बोलीत बोलल्या.

"मले एवढंच मालूम आहे जी, का तुमी त्यायले दवाखान्यातून सुट्टी देली. सुट्टी देली म्हणजे माणूस बरा झाला, असं मले वाटलं. मी साऱ्या वॉर्डात पेढे वाटले. तुमीबी एक घेतला."

डॉक्टर हातातल्या पेनाकडे पाहत राहिले.

"घरी चाळीस दिवस मी त्यायच्या मागं लागलो. खा, चाला, औषध घ्या. दुखते म्हणाले, तर मीच चिडलो. बरा झालेला माणूस कावून कन्हते म्हणून. तोंडाशी चमचा होता, तवा गेले. मी तवाबी रागावूनच राहिलो होतो."

रेशनकार्डावरची नावं वाचून दाखवावीत, तसं त्यांनी हे सांगितलं. निशा मॅडमनी टाळीसाठी हात उचलले. डॉक्टर भूषणनी मान हलवून त्यांना थांबवलं. ते शरमले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

"मावशी," ते म्हणाले. आता शब्द मराठी होते, घरी आईशी बोलतात तसले. "तुमी पेढा हातावर ठेवला, अन् माह्या तोंडून शब्दच नाही निंगाला. मी घाबरलो."

"तवाचं राहू द्या," कांताबाई म्हणाल्या. "आता सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"शेषरावकाका बरे होणार नाहीत, मावशी. बरे झाले म्हणून सुट्टी नाही देली. आमच्याजवळ आता इलाज नाही. महिना आहे, लई झालं तर दीड महिना. दुखणं मात्र मी वाढू देणार नाही."

शेषरावांचं नाव डॉक्टरांना आपणहून आठवलं होतं. कांताबाईंचा पदर तोंडाशी न्यायचा राहूनच गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं. समोर डॉक्टर होता, आणि तो खरं बोलत होता.

दोन वर्षांपूर्वी हे ऐकून उठल्या असत्या, तशा त्या घाईघाईनं खुर्चीतून उठल्या.

"मंग मले जाऊ द्या जी. दुपारच्या गाडीनं त्यायले तुमसरले नेतो. भावाले भेटाचं म्हणून राहिले कवापासून."