आई येईपर्यंत

“आठवत नाही,” म्हातारा तिसऱ्यांदा म्हणाला, आणि त्याच्या मुलानं, दाउरेननं, चिडून खुर्ची मागे सरकवली.

“जरा आठवून तर बघा, बाबा. पोराचं लग्न मोडायची वेळ आलीय.”

कझाकस्तानात, करागंदाच्या वाचनालयातल्या वंशावळ केंद्रात बापलेकाची ही दुसरी खेप. दाउरेनच्या मुलाला मुलगी पसंत होती, मुलीलाही मुलगा पसंत होता. पण मुलीची आजी अडून बसली होती. “आधी सात पिढ्यांची नावं सांगा. रक्त कुठे एक नाही ना, हे बघितल्याशिवाय मी पोर देणार नाही.”

दाउरेनकडे सांगायला बापाचं एकच नाव होतं, अक्त्याबर. तेही खरं नव्हतं. मोठ्या दुष्काळात, ऑक्टोबर महिन्यात, माळावरच्या अनाथाश्रमाच्या दारात एक पोर सापडलं. नाव विचारलं तर सांगेना. तिथल्या बायकांनी त्याला महिन्याचंच रशियन नाव देऊन टाकलं. घराणं तिथून सुरू झालं. शाळेत पोरं दाउरेनला ‘कॅलेंडरचा नातू’ म्हणून हिणवायची. घरी येऊन तो विचारायचा, बाबा, आपण कुणाचे? बाबा म्हणायचे, आठवत नाही.

“आज मी तुम्हाला मुद्दाम बोलावलंय, आजोबा,” केंद्रातली रौशान म्हणाली. “रशियातल्या ओम्स्कहून एक बाई आल्यात. मोठ्या दुष्काळात अनाथाश्रमापाशी सोडलेल्या धाकट्या भावाला शोधतायत. तुमचा कान बघितला आणि मला त्यांचं बोलणं आठवलं.”

आतल्या खोलीतून काठी टेकत एक म्हातारी आली. बल्किया तिचं नाव. ती सरळ म्हाताऱ्यापाशी गेली आणि त्याच्या डाव्या कानाला हात लावला. कानाची पाळी अर्धीच होती.

“आमच्याच कुत्र्यानं तोडली होती,” ती म्हणाली. “सागिंदिक.”

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. “माझं नाव अक्त्याबर.”

“बापाचं नाव काय तुझ्या?”

“आठवत नाही.”

“आपली पांढरी उंटीण? तिच्या पिलाच्या मागे मागे हिंडायचास तू.”

“लहान होतो. काहीच आठवत नाही.”

बल्कियानं हात काढून घेतला. मग रौशानला म्हणाली, “हा तो नव्हे. माझा भाऊ बोबडं बोलत होता तेव्हापासून सात पिढ्या घडाघडा म्हणायचा. तो विसरणाऱ्यातला नव्हता.”

“पण आपा, कान तर...”

“तेव्हा कुत्रीही उपाशी होती, बाळ. असे कान पुष्कळांचे असतील.”

तिनं डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि काठी उचलली. दाउरेनला राहवलं नाही. सगळा राग त्यानं तिच्यावरच काढला.

“एवढा जीव होता, तर भावाला तिथं टाकून गेलात कशाला? मागाहून न्यायला तरी यायचं.”

ती दारातच थांबली.

“बापाला बडा जनावरवाला म्हणून सरकारनं पकडून नेलं होतं, त्याचं नाव घ्यायचीही भीती होती. घरात काही उरलं नव्हतं. आश्रमात फक्त लहान पोरांना घ्यायचे, मी मोठी होते. आई म्हणाली, आपण रेल्वेच्या गावी जाऊ, काम मिळालं की त्याला घेऊन येऊ. आम्ही चालत निघालो. दुसऱ्या दिवशी नदीपाशी ती खाली बसली. मी म्हटलं, ऊठ. ती उठली नाही. जमीन गोठलेली होती, खणायला माझ्या हातात जोर नव्हता. तिचाच कोट तिच्या तोंडावर ओढला आणि पुढे गेले. पुढे कुणी गाडीत घातलं, कुणी पोसलं. मोठी झाल्यावर परत आले, तर आश्रम कुठे हलवला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.”

“दुसऱ्याच दिवशी?” म्हाताऱ्यानं विचारलं.

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

“हो,” बल्किया म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी.”

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. रौशाननं ओतलेला चहा समोर निवत होता. रस्त्यावरून एक ट्रॉली बस गेली. मग तो बोलायला लागला. आवाज त्याचाच होता, पण लय एखाद्या लहान पोराची होती, शिकवलेलं म्हणून दाखवणाऱ्या पोराची.

“सागिंदिक. सागिंदिकचा बाप नुरपेईस. नुरपेईसचा बाप बैझिगीत. बैझिगीतचा कोझागुल. कोझागुलचा तोक्ताबाय. तोक्ताबायचा एसेन. एसेनचा मामीर. मामीरचा बोराश.”

तो कुठेही अडखळला नाही. बल्कियाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. एसेनपाशी ती दारातून परत आली आणि त्याच्या शेजारी बसली.

दाउरेन उभाच होता.

“म्हणजे सगळं ठाऊक होतं तुम्हाला. मी लहानपणी रडत घरी यायचो तेव्हाही. आत्ता बहीण समोर उभी होती तेव्हाही. का नाही सांगितलंत, बाबा?”

म्हातारा मुलाकडे न बघता बहिणीशी बोलला.

“आई म्हणाली होती, मी न्यायला येईपर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही. ओळखीचं माणूस आलं तरी नाही.”