दारामागचे बूट

ऊन डोक्यावर आलं तरी आमची सूनबाई अंथरुणातच! काल पोलीसभरतीच्या सरावात ऊर फुटेस्तोवर पळाली, आज ताप आणि उलट्या. नवरा जाऊन वर्ष झालं नाही, अन् हिला मैदान सुचतंय.

बडबडतच तिच्या पायांना तेल लावायला बसले. टाचा सोललेल्या, बोटांना फोड.

"अनवाणी पळालीस का गं?"

तिनं दाराकडं बघितलं. दारामागे माझ्या लेकाचे बूट होते, पुढं चिंध्या कोंबलेले. भरतीसाठी तो ह्यातच पळायचा.

"त्यांचं राहिलेलं पुरं करते, आत्याबाई," ती पुटपुटली.

माझा हात तिथंच थांबला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाले, "गेलेल्याच्या बुटांत धावून वर्दी मिळत नसते, पोरी. बरी हो आधी. तुझ्या मापाचे घेऊ."