गप्प पाणी

"ताई, दिसतंय ना तुम्हाला?" रेवाने विचारलं आणि फोन छातीवरच्या लाइफ जॅकेटला घट्ट अडकवला.

दिसत होतं. आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या त्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये, राजस्थानातली लुनी नदी वाहत होती. चहाच्या रंगाचं पाणी, दोन्हीकडे वाळू आणि डोळे दिपवणारं ऊन. मुक्ताने लॅपटॉप जवळ ओढला. खिडकीबाहेरही ऑगस्टच होता म्हणे. तिच्या अंगात दोन स्वेटर होते.

मार्चमध्ये ती भावाकडे, यशोधनकडे आली होती ती महिन्याभरासाठी. मग कोरोनाने विमानं बंद झाली, आणि आता तर या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हद्द ओलांडायलासुद्धा बंदी. नदी काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. ही नदी मुळात वर्षातले काही आठवडेच नदी असते, बाकी वेळ नुसता वाळूचा पट्टा. पाणी असेल तेवढ्यात होडीखाली बसवलेल्या यंत्राने तळ मोजून घ्यायचा. इतके पावसाळे त्या होडीच्या नाकावर बांबू घेऊन मुक्ता उभी राहिली होती. यंदा तिथं नवखी रेवा होती, आणि मुक्ता खुर्चीत बसून डावं-उजवं सांगत होती. अडकलेल्यांना परत नेणाऱ्या खास विमानात आपल्यासाठी एक जागा मिळवा, म्हणून तिने पुण्याच्या ऑफिसचं डोकं खाल्लं होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं: "काम चाललंय ना? अडलं तर बघू."

आणि काम मेलं अडत नव्हतं.

यशोधन कॉफीचा मग घेऊन डोकावला. "काय, निघाली होडी? ग्रँड!" म्हणाला आणि वरच्या खोलीत आपल्या मीटिंगला पळाला. त्याला काय जातंय बोलायला!

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण ज्याने केली त्याने लुनी पाहिलेली नसावी. इथं खळखळतं ते खोल पाणी, कोसळत्या दरडीच्या कडेनं धावणारं. उथळ पाणी चकचकीत, गुणी बाळासारखं गप्प पसरलेलं असतं, आणि त्याच्याखाली वीतभरावर वाळू. त्यातून कालची वाट आज तिथं नसते. नकाशा गुंडाळून ठेवायचा आणि समोरचं पाणी वाचायचं, एवढंच हाती.

वळणाशी प्रवाहाचे दोन फाटे झाले. रेवाने इकडे तिकडे पाहिलं.

"चंद्रहासदादा, डावीकडून घ्या," ती मागे इंजिनाशी बसलेल्या चंद्रहासला म्हणाली. "तिकडे शांत आहे."

होडी वळली. डावीकडे वाळू होती. मुक्ताला ते आयर्लंडमधून लख्ख दिसलं. तिने तोंड उघडलं.

अडलं तर बघू.

तिने तोंड मिटलं. तिला तिथं जायचं होतं, बस. पायाखाली डुगडुगणारी ती होडी हवी होती, ओठांवर बसणारी खारट धूळ हवी होती, ढोपरभर कोमट पाण्यात उतरून "हं, लावा जोर!" म्हणून ओरडायचं होतं. होडी रुतली तर रुतली. दर वर्षी रुतते. उतरायचं, ढकलायचं, हसायचं. त्यात कुणाचं काय बिघडतं?

बोल, असं ती स्वतःला म्हणाली. पण बोलली नाही.

होडी रुतली, आणि रुतताना खालून काडकन आवाज आला. चंद्रहास पाण्यात उतरला. त्याने वाकून होडीखाली चाचपलं, तर खोली मोजायचं यंत्रच तुटून हातात आलं.

"संपलं," तो म्हणाला. "दुसरं पुण्याहून येईस्तोवर पाणी कुठलं राहतंय! यंदाची नदी गेली. आवरा आता, घरी चला."

पडद्यावर आभाळ गरकन फिरलं आणि रेवाचा चेहरा समोर आला. उन्हाने नाकाची साल निघालेली, डोळे भरलेले.

"माझंच चुकलं, ताई. एवढं शिकवलंत तुम्ही, तरी... मला खात्री नव्हती हो. पण तुम्ही काही बोलला नाहीत ना, म्हणून वाटलं, बरोबर चाललंय."

मुक्ताचे कान तापले. वरच्या खोलीत यशोधन कुणाच्या तरी विनोदावर मोठ्याने हसत होता.

"अगं," ती म्हणाली, "इथलं नेट गेलं होतं मध्येच."

रेवाचा चेहरा एकदम सैल झाला. मनगटाने डोळे पुसून ती चक्क हसली.

"तरीच!" ती मागे वळून ओरडली. "ऐकलंत का, दादा? ताईंचं नेट गेलं होतं. नाहीतर त्यांनी सांगितलंच असतं!"